उजवा हात कोरा

सोहारमध्ये शुक्रवारी चारला
शाळेची चावी हिलालकडे असते.
आधी एसी, मग दिवे,
मग फ्लूटचे तीन तुकडे जोडून
एकेका बटणावर बोट ठेवून बघतो,
बंदरावर कंटेनरचं सील तपासावं तसं.
पूर्वी लष्करी बँडात होता, आता कस्टममध्ये.

इनास तुस्कानो वसईचा. नेमकं विचाराल तर गिरीजचा.
ॲल्युमिनियमच्या भट्टीवर बावीस वर्षं.
व्हायोलिन चर्चमध्ये शिकला;
व्हायोला मस्कतला मिळाला,
कुणीतरी मायदेशी परतताना स्वस्तात काढला म्हणून.
"मधलं वाद्य हे," इनास म्हणतो,
"लग्नातल्या मधल्या भावासारखं.
खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी,
फोटोत सगळ्यांच्या मागं."

आणि मी. मासळीच्या शीतगृहात हिशेब लिहिते.
मला कीबोर्डवर बसवलं ते
आकडे वाचता येतात म्हणून, आणि हा विनोद नाही.
अठराव्या शतकातल्या त्या माणसानं
माझ्यासाठी फक्त डाव्या हाताचे सूर लिहिलेत
आणि त्यांच्याखाली आकडे:
सहा. सहावर चार. सात. कुठे नुसती रेघ.
उजवा हात कोरा.
काय वाजवायचं ते सांगत नाही तो,
कुठून ढळायचं नाही एवढंच.
मीही दर महिन्याला घरी आकडाच पाठवते.
त्याच्या वरचं काय ते आईनं जुळवून घ्यायचं.

पहिलं पान नाहीच. झेरॉक्सची झेरॉक्स.
नाव नाही, गाव नाही,
तेव्हा मी आपली त्याला एक नोकरी लावून दिली आहे:
कुठल्याशा लहान राजाच्या पदरी,
दोन वेळचं जेवण, सरपण, वर्षाला एक कोट,
आणि वेशीबाहेर जायचं तर धन्याची चिठ्ठी.
इनास खो खो हसला.
"पासपोर्ट कुणाकडं होता रे त्याचा?"
हिलाल हसला नाही.
फ्लूटमधली वाफ फडक्यानं पुसत राहिला,
बराच वेळ.

तिसरा भाग संथ.
त्यात दीड ओळभर, फक्त दीड ओळ,
व्हायोला फ्लूटच्या वर चढतो
आणि फ्लूट खाली उतरून त्याला वाट देते.
तेवढ्यापुरती इनासची मान ताठ.
भाजून निबर झालेल्या बोटांखालून येतो तो आवाज
सुंदर म्हणता येणार नाही.
ओल्या सुंभासारखा खरखरीत,
पण ओढ धरतो, सुटत नाही.
एसीचा सूर आमच्यापेक्षा जरा खाली.
त्याला कोण सांगणार.

मे महिन्यात इनासची फायनल एक्झिट लागली.
"आता सुकेळी वाळवीन," म्हणाला.
व्हायोला घेऊन गेला, स्वरांची पानं ठेवून गेला.
गिरीजमध्ये हे कुणाबरोबर वाजवू?

पुढच्या शुक्रवारी दोघंच.
हिलाल म्हणाला, त्याची ओळ तू घे उजव्या हातात,
मोकळाच तर आहे.
घेतली. एकही सूर चुकला नाही.
पण कीबोर्डचा सूर दाबला की लगेच विझायला लागतो.
व्हायोलाचा, दाबल्यानंतर कुठे सुरू होतो.
हे मला इतके शुक्रवार कळलं नव्हतं.

मग इनासचं पान समोर घेतलं.
दीड ओळ संपते तिथे, पेन्सिलीनं
स्वल्पविरामासारखी एक खूण
आणि मुंगीएवढ्या अक्षरांत:
थांब. हिलालला दम लागतो इथं.

हिलालनं वाकून बघितलं. काय लिहिलंय?
आकडा आहे, मी म्हटलं.
किती?
एक.
आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिला.